भाव वाढला, की माप घटलं?

मे महिन्याची सुट्टी, गणपती आणि वादळ-पूर, या तीन वेळी कोकणातल्या बाजारात भाव हमखास वर जातात. मागच्या अंकात यासंबंधी वाचकांचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत राग भावावर आहे. पण पत्रं नीट वाचली, तर खरा फटका बहुतेक ठिकाणी वजनात, प्रतीत नाहीतर मापात बसलेला दिसतो. सांगितलेला भाव परवडला नाही तर माणूस पुढच्या दुकानात जातो. मापात गेलेलं घरी पोचल्यावरही कळत नाही. म्हणून उत्तरांचा भर तिथे आहे. दुकानांची आणि माणसांची नावं पत्रांतून काढली आहेत.

प्रश्न : जून-जुलैत आमच्याकडे येणाऱ्या मासळीवाल्या मावशी सुरमईचा भाव जवळजवळ दुप्पट सांगतात. समुद्रात बंदी आहे म्हणतात, मग ही मासळी येते कुठून? शिवाय घरी आणून साफ केली की किलोची पाऊण किलो उरते. यात अडचण किती आणि लबाडी किती?
— एक वाचक, दापोली

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नाही, पण पावसाळी समुद्रात त्या किती जाणार? त्या काळात बाजारात मासळी तीन वाटांनी येते. एक, खाडीची : बोय, काळुंदर, चिंबोऱ्या, तिसऱ्या. दुसरी, शीतगृहात साठवलेली. तिसरी पूर्व किनाऱ्यावरची. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे आपली बंदी ऐन भरात असताना तिकडच्या नौका समुद्रात उतरलेल्या असतात आणि माल बर्फात घालून ट्रकनं इकडे येतो. बर्फ, गाडीभाडं, वाटेतली नासाडी आणि कमी माल हे सगळं भावात येतं. मावशी स्वतः व्यापाऱ्याकडून चढ्या भावानं उचलतात आणि संध्याकाळी उरलेला माल त्यांच्याच अंगावर पडतो. त्यामुळे जूनमधला चढा भाव ही अजिबात फसवणूक नव्हे.

फसवणूक होते ती साठवणीची मासळी 'आजची, ताजी' म्हणून ताज्या भावात विकली जाते तेव्हा. ओळखायची खूण : कल्ला उचलून बघा. ताज्या सुरमईचा कल्ला लालभडक असतो, जुन्याचा तपकिरी किंवा फिकट. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. खोल गेलेला, दुधाळ डोळा म्हणजे माल जुना. बोटानं दाबलं की मांस लगेच वर आलं पाहिजे. गोठवून सोडवलेल्या मासळीत बोटाचा खड्डा राहतो आणि तुकडे केल्यावर पाणी सुटत राहतं. गोठवलेली मासळी खायला वाईट असते असं नाही, पण तिचा भाव वेगळा असतो, आणि तो वेगळाच मागून घ्यावा.

आता वजनाचं. सुरमईचं डोकं, पोट आणि पर गेले की साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी होतो. कोळंबी सोलली की निम्म्याच्या आसपास जाते. ही घट लबाडी नव्हे, पण भाव विचारताना ती डोक्यात हवी. अख्खी कोळंबी ४०० रुपये किलो असेल तर सोललेली तुम्हाला जवळपास ८०० रुपये किलोनं पडली. शेजारचा सोललेली ७०० ला देत असेल तर तो स्वस्त आहे. सौदा करताना एवढंच विचारा, 'मावशी, भाव अख्ख्याचा की साफ करून?' वजन तुमच्यासमोर, बर्फ झटकून आणि पाणी निथळून झालं पाहिजे, आणि कापायला दिलेली मासळी नजरेसमोर कापली गेली पाहिजे. गर्दीत तुमच्या सुरमईच्या मधल्या तुकड्यांच्या जागी दुसऱ्या माशाचे शेपटाकडचे तुकडे येतात, हा प्रकार जुना आहे. तुकडे मोजून घ्या आणि डोकंही मागून घ्या. डोकं मागणाऱ्याचा मासा सहसा बदलत नाही.

वाट्यावर घेताना वरचे चार मासे बघून भुलू नका. वाटा पानावरून उलटा करायला सांगा. मोठे वर आणि बारीक खाली, अशी रचना असते. वाटा हे कायद्यानं मान्य केलेलं माप नाही, त्यामुळे नंतर तक्रारीला आधार राहत नाही. मोठी खरेदी असेल तर वजनावरच घ्या.

प्रश्न : मालवणी मसाल्यासाठी दरवर्षी वेलदोडे, जायपत्री, दगडफूल थोडं थोडं घेते. एकाच यादीचं वजन दोन दुकानांत वेगळं भरलं. दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक काटा होता. तो चुकतो का, आणि आपल्याला तपासता येतो का?
— एक वाचक, कुडाळ

हो, तपासता येतो. काट्याच्या अंगावर एक छोटी पाटी असते. तिच्यावर मॅक्स (जास्तीत जास्त वजन), मिन आणि ई (काट्याच्या मोजणीचा लहानात लहान टप्पा) अशा तीन नोंदी असतात. किराणा-भाजीच्या २०-३० किलोच्या काट्यावर ई बहुधा ५ ग्रॅम असते. मिन म्हणजे ज्याखाली त्या काट्यावर वजन करूच नये अशी मर्यादा, आणि या वर्गाच्या काट्यांत ती ई च्या २० पट, म्हणजे १०० ग्रॅम असते. वापरातल्या काट्याला कमी वजनावर एक ई पर्यंतची चूक माफ असते. म्हणजे बटाटे तोलायच्या काट्यावर ५० ग्रॅम वेलदोडे घेतले, तर काटा कायदेशीर असूनही ते ४५ ग्रॅम असू शकतात. वेलदोडा समजा ३००० रुपये किलो धरला, तर त्या ५ ग्रॅमचे १५ रुपये झाले. तुमच्या दोन दुकानांतला फरक बहुधा इथलाच असावा. महाग जिन्नस १ ग्रॅम ई असलेल्या लहान काट्यावर घ्या, किंवा निव्वळ वजन छापलेलं सीलबंद पाकीट घ्या, किंवा दोघीतिघींनी मिळून १०० ग्रॅमच्या वर एकदम घेऊन घरी वाटून घ्या.

मुद्दाम केलेली लबाडी ओळखायला पाच गोष्टी बघाव्या लागतात. माल ठेवण्याआधी आकडा शून्य आहे का? आकडा तुमच्या बाजूलाही दिसतो का, की पुढे बरण्या मांडून झाकलाय? ताट, टोपली किंवा मिठाईचा खोका शून्य केल्यावर ठेवला की आधी? मिठाईच्या खोक्याचं वजन मिठाईच्या भावात लावता येत नाही, तो आधी ठेवून शून्य करायला लावा. माल वरून टाकून आकडा स्थिर व्हायच्या आत उचलला का? पाचवी गोष्ट काट्याची पातळी. बहुतेक काट्यांत पातळीचा बुडबुडा असतो, तो गोलाच्या मधे हवा.

शंका फार असेल तर दुकानातलीच एक लिटर पाण्याची सीलबंद बाटली काट्यावर ठेवायला सांगा. पाण्याचं वजन एक किलो आणि प्लास्टिकचं थोडं, मिळून १ किलो २० ग्रॅमच्या आसपास दिसायला हवं. १ किलो १०० दाखवलं तर काट्यात गडबड आहे. हा पुरावा धरत नाहीत, निरीक्षक प्रमाणित वजनं घेऊनच तपासतात. पण तक्रार करावी की नाही एवढं यावरून नक्की ठरतं.

शेवटी सील. काट्याच्या तारेला शिशाचं सील असतं, त्यावर पडताळणीचं वर्ष आणि तिमाहीचं अक्षर (ए, बी, सी, डी) असतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी, साध्या तराजूची आणि लोखंडी वजनांची दर २४ महिन्यांनी व्हावी लागते, आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. आठवडी बाजारात लोखंडी वजनं अजून चालतात. वजन उलटं करून बुडाचं भोक बघा. त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्यावर मुद्रा असते. भोक रिकामं असेल तर वजन हलकं आहे, आणि त्यावर तोललेलं सगळंच कमी आहे.

प्रश्न : गॅस सिलिंडर आठ दिवस आधी संपतो. पोचवणाराही पावतीपेक्षा जास्त पैसे मागतो.
— एक वाचक, गुहागर

सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, उदाहरणार्थ १५.३ किलो. त्यात १४.२ मिळवा. भरलेली टाकी २९.५ किलोच्या आसपास भरली पाहिजे. दीडशे ग्रॅमचा फरक चालतो, अर्धा किलोचा नाही. पोचवणाऱ्यानं काटा बरोबर आणायचा असतो. वजन करून आणि सील बघूनच टाकी घ्या, वजन किंवा सील बरोबर नसेल तर परत पाठवा. पावतीवरच्या रकमेत घरपोच देणं धरलेलं असतं. जिना चढल्याचे वीस-तीस रुपये खुशीनं देणं ही वेगळी गोष्ट, मागून घेणं वेगळी. तक्रार १८०० २३३३ ५५५ या टोल फ्री क्रमांकावर होते.

प्रश्न : मुंबईला परतताना महामार्गावरच्या स्टॉलवरून 'देवगड हापूस' छापलेली पाच डझनांची पेटी घेतली. वरचा थर सुरेख, खालचा बारीक. काही फळं आत पिवळट निघाली आणि तीन फळांत मधेच पांढरा, आंबट गर. पैसे परत मागायचा हक्क आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

तुमच्या पत्रात तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

खालचा थर बारीक निघणं ही सरळ फसवणूक. पेटी डझनावर विकली जाते, पण भाव ठरतो फळाच्या वजनावर. त्यामुळे 'पाच डझन' एवढं ठरवून भागत नाही, 'पाच डझन, फळ अडीचशे ग्रॅमच्या वर' असं ठरवावं लागतं. पेटी घेताना पेंढा बाजूला करून खालच्या थरातली दोन फळं हातात घ्या. नाही म्हणणाऱ्याकडून पेटी घेऊ नका.

पिवळट गराची फळं बहुधा कर्नाटकातली. एप्रिलपासून तिकडचा आंबा मोठ्या प्रमाणावर येतो. तोही आंबा चांगला, पण भाव बराच कमी. त्याची साल जाड, गर पिवळा आणि घमघमाट कमी. आपल्याकडच्या हापूसची साल पातळ आणि गर केशरी. छापील रिकामे खोके कुणालाही मिळतात, त्यामुळे खोक्यावरच्या नावाला पुरावा म्हणून काही किंमत नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळांपुरतं आहे. बाहेरचा आंबा त्या नावानं विकणं गुन्हा आहे. विक्रेत्याकडे मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्याचा क्रमांक मागा. देवगडच्या बाबतीत आणखी सोय आहे : तिथल्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर लावायला सुरुवात केली. क्रमांक पाठवून फळ कुठल्या बागेचं ते तपासता येतं.

तिसरी तक्रार मात्र विक्रेत्यावर ढकलता येत नाही. मधे पांढरा, आंबट, भुसभुशीत गर म्हणजे साका. तो झाडावरच तयार होतो, बाहेरून दिसत नाही, आणि बागायतदारालाही फळ कापल्याशिवाय कळत नाही. फळ चौदा आणे तयार असताना उतरवलं तर साका कमी होतो, पूर्ण झाडावर ठेवलं तर वाढतो. पाच डझनांत दोन-तीन साक्याची फळं निघणं नशिबाचा भाग समजावा. ओळखीचा बागायतदार अशी फळं बदलून देतो, ती त्याची भलाई.

सगळं फळ बाहेरून एकसारखं पिवळंधमक, पण देठाशी वास नाही आणि आत कच्चं, असं असेल तर कार्बाइडचा संशय घ्या. त्यावर देशभर बंदी आहे. आढी लावून पिकवलेली फळं कधीच सगळी एका दिवशी, एका रंगाची होत नाहीत.

प्रश्न : वेंगुर्ल्याचा 'मोठा काजू' म्हणून घेतला, घरी मध्यम वाटतो. मोठा म्हणजे किती मोठा?
— एक वाचक, सावंतवाडी

काजूगराची प्रत ही मोजून ठरते. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० यातला आकडा म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात तो. आकडा लहान, तितका काजू मोठा. घरी १०० ग्रॅम तोलून मोजा. डब्ल्यू १८० असेल तर ३७ ते ४० गर, डब्ल्यू २१० ला ४४ ते ४६, डब्ल्यू २४० ला ४८ ते ५३, डब्ल्यू ३२० ला ६६ ते ७०. तुम्हाला २४० च्या भावात विकला आणि ६८ गर निघाले, तर वाद घालायला दुसरा मुद्दा लागत नाही. पाकळी आणि तुकडा मिसळलेला असेल तर तो वेगळा तोला, त्यांचा भाव अख्ख्यापेक्षा बराच कमी असतो. काजू मोडताना 'कट्' आवाज आला पाहिजे. वाकून तुटत असेल तर ओल जास्त आहे, म्हणजे पाण्याचे पैसे दिलेत आणि तो टिकणारही नाही.

मोठा म्हणजे गावठी असंही समजू नका. आपल्या कारखान्यांत आफ्रिकेतून आलेली काजूबीही फोडली जाते आणि रस्त्यावरच्या दुकानांत दोन्ही एकाच पाटीखाली असतात. 'वेंगुर्ला काजू' या नावालाही भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ते नाव लावणाऱ्याकडे बिलावर तसं लिहून मागा. लिहून द्यायला तयार नसेल तर त्या नावाचा जादा भाव देऊ नका.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या टपरीत वीस रुपयांची पाण्याची बाटली तीसला देतात. 'थंड करायचे पैसे' म्हणतात. हॉटेलातही तेच. दोघेही चूक का?
— एक वाचक, रत्नागिरी

टपरी चूक, हॉटेल बहुधा नाही. पाकीटबंद वस्तू छापील कमाल किमतीपेक्षा जास्त दरानं विकता येत नाही आणि त्या किमतीत सगळे कर धरलेले असतात. थंड करणं, लांबून आणणं, सुट्टीचा दिवस, यांपैकी कशाचेही वेगळे पैसे दुकानदाराला लावता येत नाहीत. छापील किंमत खोडणं किंवा तिच्यावर चिठ्ठी चिकटवणं हाही गुन्हा. पण डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये ग्राहक नुसती बाटली विकत घेत नाही, बसायची जागा आणि सेवाही घेतो, त्यामुळे तिथे जादा दर लावता येतो. तो दर मेनूकार्डावर आधी लिहिलेला हवा. बिलात अचानक उगवलेला दर मान्य करू नका.

याच पत्रात 'दहाचा बिस्किटपुडा बारीक होत चाललाय' असंही लिहिलंय. निव्वळ वजन खरं छापलं असेल तर ते कायदेशीर आहे. १०० ग्रॅमचा पुडा ८५ ग्रॅमचा झाला, किंमत तीच राहिली, तर भाव साडेसतरा टक्क्यांनी वाढला. पाकिटावर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमतही छापलेली असते. बारीक अक्षरातली ती ओळ बघून दोन कंपन्यांची तुलना करा.

प्रश्न : वादळात छपराचे पत्रे उडाले. दुसऱ्या दिवसापासून दुकानदारानं भाव वाढवला, तरी घेतले. आता शेजारी म्हणतात पत्रा पातळ आहे. ०.५० सांगितला होता. कसं कळावं?
— एक वाचक, श्रीवर्धन

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यानं हेच भोगलं आहे. पावसाळा तोंडावर, डोक्यावर छप्पर नाही, अशा वेळी माणूस भाव करत नाही, आणि जाडी तर कुणीच मोजत नाही. संकटात सापडलेल्याच्या छपरातून पैसे काढणं हा या स्तंभातला सगळ्यांत वाईट प्रकार, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पत्र्यावर छापील कमाल किंमत नसते, त्यामुळे नुसत्या भाववाढीवर कायद्यानं फारसं काही करता येत नाही. जाडीचं मात्र पक्कं सिद्ध करता येतं. १० फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद नागमोडी पत्रा ०.५० मिलिमीटर जाडीचा असेल तर साधारण १४ किलो भरतो, ०.४० चा ११ किलोच्या आसपास. एकेक पत्रा नको, दहा पत्रे एकत्र वजनकाट्यावर घ्या. १४० किलोच्या जागी ११० भरले तर तुम्हाला ०.४० चा माल ०.५० च्या भावात दिलाय. मायक्रोमीटर मिळाला तर कडेला नव्हे, आत तीन-चार ठिकाणी मोजा. नामांकित कंपनीच्या पत्र्यावर मागच्या बाजूला जाडी छापलेली असते, ती छपाई नसलेला पत्रा त्या कंपनीचा समजू नका. विक्रेता कधी रंगासकट जाडी सांगतो, कधी नुसत्या पोलादाची, म्हणून बिलावर 'एकूण जाडी ०.५० मिमी' असं आणि किलोतलं वजनही लिहून घ्या.

रुंदीतही माणूस फसतो. साडेतीन फुटांच्या पत्र्याचा बाजूचा भाग शेजारच्या पत्र्यावर चढतो, त्यामुळे छपरावर तो साधारण सव्वातीन फूटच झाकतो. भाव रनिंग फुटाचा की चौरस फुटाचा, हे आधी विचारा आणि पत्र्यांची संख्या झाकणाऱ्या रुंदीवर काढा.

पुढच्या वेळेसाठी : पहिले पंधरा दिवस चांगल्या ताडपत्रीवर काढता आले तर काढा. वाडीतल्या आठ-दहा घरांनी एकत्र मागणी करून तालुक्याबाहेरच्या वितरकाकडून पक्क्या बिलावर गाडी मागवली, तर भाव आणि जाडी दोन्ही हातात राहतात.

बांधकामाची वाळू घेणाऱ्यांसाठी याच्याच जोडीला एक गोष्ट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीचा हौदा आतून मोजा : १२ फूट लांब, साडेसहा रुंद, अडीच उंच म्हणजे १९५ घनफूट, दोन ब्रासला थोडं कमी. मधे ढीग आणि कोपरे खाली असतील तर फळीनं सपाट करायला लावून मगच उंची घ्या. ओली वाळू फुगते, हे त्याहून महत्त्वाचं. उभ्या बरणीत ओली वाळू सैल, २० सेंटिमीटरपर्यंत भरा, पाण्यानं बुडवून ढवळा आणि बसू द्या. पातळी १६ वर आली तर माल पंचवीस टक्के फुगलेला होता, म्हणजे पाच ब्रासचे पैसे देऊन चारच मिळाली.

प्रश्न : गणपतीला मुंबईहून कणकवलीला येणाऱ्या खासगी बसचं तिकीट एरवीच्या तिप्पट होतं. याला काही धरबंध?
— एक वाचक, कणकवली

आहे. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार खासगी बसला त्याच प्रकारच्या एसटी बसच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. गाडी त्याच प्रकारची धरायची : वातानुकूलित शयनयानाची तुलना साध्या लालपरीशी नको. एसटीच्या संकेतस्थळावर त्याच मार्गाचं, त्याच प्रकारच्या गाडीचं भाडं बघा, दीडनं गुणा. एसटीचं ८०० असेल तर १२०० ही मर्यादा. परतीची गाडी रिकामी जाते म्हणून जास्त घेतो, हे मालकांचं म्हणणं ऐकून घ्यावं असं आहे, पण दीडपटीच्या पुढचं काही त्यात बसत नाही. तिकीट, पैसे दिल्याचा पुरावा आणि गाडीचा नंबर घेऊन आरटीओकडे तक्रार करा. ॲपवर भाडं रोज बदलतं, म्हणून तिकीट काढतानाच पडद्याचा फोटो घेऊन ठेवा.

प्रश्न : मी भाजीचं दुकान चालवतो. आंबा घाटात दरड आली की गाडी अणुस्कुरा घाटानं फिरून येते, भाडं वाढतं, माल सडतो. भाव वाढवला की गिऱ्हाईक लुटारू म्हणतं. किती वाढवणं योग्य?
— एक दुकानदार, लांजा

हिशेब मांडून बघू. समजा टोमॅटोचा २५ किलोचा क्रेट ५०० रुपयांना पडतो, भाडं ५० आणि नासाडी पाच टक्के. विकण्याजोगा माल पावणेचोवीस किलो, म्हणजे किलोला सव्वातेवीस रुपये खर्च. घाट बंद पडला, भाडं १२५ झालं, नासाडी बारा टक्के. आता ६२५ रुपयांत २२ किलो माल, किलोला साधारण साडेअठ्ठावीस. खर्च पाच-सव्वापाच रुपयांनी वाढला. भाव सात रुपयांनी वाढवलात तर तुम्हाला कुणी बोल लावू नये. तीसचा टोमॅटो साठ करून 'घाट बंद आहे' सांगणं मात्र खोटं आहे, कारण घाटानं एवढा खर्च वाढवलेलाच नाही. दरड पडायच्या आधी दुकानात आलेल्या मालाला नवा भाव लावणंही आम्हाला पटत नाही. कांदा-बटाटा जुन्या भावाचा असेल तो जुन्याच भावानं संपवा.

खडूनं पाटी लिहा : आजचा भाव, आणि शेजारी 'गाडीभाडं वाढलं' एवढे दोन शब्द. काटा गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवा. भाव वाढलेल्या दिवशी वजन सढळ द्या. घाट सुरू झाला की त्याच दिवशी भाव खाली आणा. बहुतेक दुकानदारांची पत जाते ती इथे : चढलेला भाव उतरतच नाही.

प्रश्न : एवढ्या-तेवढ्या रकमेसाठी तक्रार कुठे करायची?
— चार-पाच पत्रांत आलेला प्रश्न

वजन, माप आणि छापील किंमत यांची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाच्या जिल्हा कार्यालयात. भेसळ आणि कार्बाइडची अन्न व औषध प्रशासनाकडे. बाकी सगळ्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीत दुकानाचा पत्ता, तारीख आणि वेळ, वस्तू, सांगितलेलं आणि प्रत्यक्ष भरलेलं वजन, आणि फोटो हवेत : वस्तूचा, छापील किमतीचा, काट्याच्या आकड्याचा आणि सीलचा. टपरीवर भांडत बसू नका. आवाज चढला की काटा बदलला जातो आणि निरीक्षक येईपर्यंत काही सापडत नाही.

बिल आधी मागा. मागूनही बिल न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हेही त्यातच येतं. पत्र्यासारखं मोठं नुकसान असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे : रायगडचा अलिबागला, रत्नागिरीचा रत्नागिरीत, सिंधुदुर्गचा ओरोसला. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो. मुदत दोन वर्षांची. श्रीवर्धनच्या वाचकांनी दहा पत्र्यांचं वजन करून काटापावती बिलाला जोडून ठेवावी आणि आधी दुकानदाराला लेखी नोटीस द्यावी. त्यात पंधरा दिवसांची मुदत द्या आणि पोच घ्या.